तळ्यातले थांबले

१

बेडकांना राहायला बोलवायचं, हे खूळ आमच्या लेकीचं. ती रोपवाटिकेत काम करते, आणि मातीत हात घातला की कुठलंही दुखणं बरं होतं असा तिचा ठाम समज आहे. या वेळी दुखणं तिच्या बाबांचं होतं, आणि ते कानाचं होतं.

आमचे हे एकतीस वर्षं छापखान्यात मोठ्या यंत्रापाशी उभे राहिले. मी कान तपासते. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बोट वर करा म्हणायचं. गावातले निम्मे कान माझ्या हाताखालून गेलेत. घरातले दोन मात्र माझ्या देखत बिघडले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! कानात बोळे घाला म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडले. "बोळे घातले तर यंत्र कुरकुरतंय का ते कळणार कसं?" हे म्हणायचे.

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना चांगलं मशीन बसवून दिलं, दोन्ही कानांना. दोन दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "नळ, भांडी आणि तुझ्या चपला. एवढंच ऐकायचं तर कशाला?" मग हळूहळू बोलणंही आटलं. हे मी शंभर घरांत पाहिलंय. माणूस आधी लोकांचं ऐकणं सोडतो, मग स्वतःचं बोलणं सोडतो, आणि एक दिवस घरातले त्याच्या समोरच त्याच्याविषयी बोलायला लागतात. मला फार भीती वाटायची. माझा बडबड्या नवरा जेवणाच्या टेबलापलीकडे बसून रोज थोडा थोडा लांब चालला होता, आणि मला तो परत हवा होता.

"आई, तळं खणा," लेक फोनवर म्हणाली. "छोटंसं चालेल. आपल्या थंड मुलखात बेडूक वसंतातच ओरडायला लागतात. त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, आणि बाबांची खालची पट्टी शाबूत आहे असं तूच म्हणतेस ना?"

माझंच शास्त्र तिने माझ्या गळ्यात मारलं.

२

थंडी सरली तशी ह्यांनी मागच्या बागेत खणायला घेतलं. लेकीने सूचनांची यादी पाठवली होती. एक बाजू उतरती ठेवा, नाहीतर पिल्लांना वर येता येणार नाही. नळाचं पाणी चार दिवस बादल्यांत उघडं ठेवून मगच ओता. मासे सोडू नका. भिंतीकडचं गवत कापू नका. फुटक्या कुंड्या उपड्या टाका, म्हणजे उन्हात आसरा होईल. आणि मुख्य म्हणजे, बेडूक कुठून उचलून आणायचे नाहीत. त्यांचे ते आले पाहिजेत.

ती शेवटची ओळ ह्यांनी दोनदा वाचली. "म्हणजे सगळी तयारी करायची, मान राखायचा आणि वाट बघत बसायचं," ते म्हणाले. "हे तर जावई झाले."

दोन वर्षांत केलेला हा पहिला विनोद. मी भांडी घासता घासता हसत सुटले आणि माझे डोळे भरून आले. त्यांच्या लक्षात आलं नाही, बरंच झालं.

तळं भरल्याच्या एकोणिसाव्या दिवशी बेडूक आले. पाच होते, मातकट, अंगावर हिरवट ठिपके, मुठीएवढे. संध्याकाळी मी दवाखान्यातून परतले तर हे मागच्या पायरीवर बसलेले, आणि दोन्ही कानांत मशीन. मी न सांगता! मांडीवर बोटांनी ताल धरला होता.

"ऐकतेस ना?" ते म्हणाले. "हा जाडा आहे ना, तो आधी सुरू करतो. मग बाकीचे मागून."

मी उभी राहिले. रस्त्यावरून एक मोटार गेली. शेजारी कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. कुठेतरी कुत्रं भुंकलं. बेडकांचा आवाज मला आला नाही.

मी वाकून नीट पाहिलं. पाचही बेडूक पाण्याच्या कडेला बसले होते. त्यांचे गळे फुगत होते, बसत होते, पुन्हा फुगत होते. माझ्यापासून दोन हातांवर. आणि आवाज नव्हता.

"ऐकते की," मी म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी स्वतः आवाजबंद खोलीत बसले आणि माझे कान तपासून घेतले. ठणठणीत. माझ्या वयाला शोभणार नाहीत इतके चांगले.

मग मी समजूत घातली स्वतःची. माणूस गळे फुगताना बघतो, बेडूक कसा ओरडतो ते त्याला लहानपणापासून माहीत असतं, आणि मेंदू उरलेलं भरून काढतो. कान गेलेल्या माणसाचा मेंदू तर उपाशीच असतो. अशा लोकांना घंटा ऐकू येतात, गाणी ऐकू येतात, मेलेली आई हाक मारते. मी त्यांना सांगते, घाबरू नका, याला वेड म्हणत नाहीत. तेच मला आता स्वतःला सांगायचं होतं. पण बेडूक माझ्या डोळ्यांसमोर ओरडत होते आणि माझ्या धडधाकट कानांना ते ऐकू येत नव्हते, याचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं. त्या भागाकडे मी बघतच नव्हते.

रविवारी मी परीक्षा घेतली. ह्यांना तळ्याकडे पाठ करून खुर्चीत बसवलं. "ओरडायला लागले की बोट वर. थांबले की खाली."

"मलाही पेशंट केलंस शेवटी," हे म्हणाले, पण बसले.

मी गळ्यांवर नजर ठेवली. गळे फुगले, ह्यांचं बोट वर. गळे बसले, बोट खाली. जाड्या एकटाच मध्येच सुरू झाला तर बोट अर्धंच वर आलं. असं बावीस वेळा केलं. बावीसच्या बावीस बरोबर.

मी ह्यांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या नजरेने पाहिलं. खिडक्यांच्या काचा बाजूला होत्या, ह्यांच्या तोंडासमोर फक्त भिंत होती. प्रतिबिंब नाही, सावली नाही. त्यांना ते खरोखर ऐकू येत होते.

"पास का नापास?" हे हसत म्हणाले.

मी म्हटलं, पास. माझा नवरा हसत होता, गप्पा मारत होता, न सांगता मशीन घालत होता. देव दोन डोळे देत असताना, ते कुठून आणलेस म्हणून कोण विचारतं? मी विचारलं नाही.

४

महिनाभरात बेडूक वीसच्या वर झाले. तळ्यातले होते, भिंतीकडच्या उपड्या कुंड्यांतले होते, आणि एक आमच्या मागच्या पायरीखाली येऊन राहिला. ह्यांना प्रत्येकाचा आवाज ओळखू यायचा.

एका संध्याकाळी, अजून दिवे लावायचे होते, आम्ही पायरीवर चहा घेत होतो. हे मला छापखान्यातली काहीतरी जुनी गंमत सांगत होते. बोलता बोलता थांबले.

"थांबले," ते म्हणाले.

"कोण?"

"तळ्यातले. सगळे एकदम." त्यांनी कप खाली ठेवला. "कोणीतरी आलंय बघ बागेत."

मी तळ्याकडे पाहिलं. एकही गळा हलत नव्हता. बेडूक दगडाचे झाले होते, आणि सगळ्यांची तोंडं फाटकाकडे होती. फाटक बंद होतं. बागेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"मांजराला ते गप्प होत नाहीत. शेजारचं रोज कुंपणावरून जातं, हे ओरडतच असतात. आपल्यालाही होत नाहीत, आपण सवयीचे." ते थोडा वेळ ऐकत राहिले. "भिंतीकडचे चालू आहेत. फक्त तळ्यातले." मग म्हणाले, "हं. झाले सुरू."

गळे पुन्हा हलायला लागले होते.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. हे पेपर खाली ठेवायचे आणि सांगायचे, "तळ्यातले थांबले." मी उठून बघायची, आणि ते खरं असायचं. बाग रिकामी असायची, तेही खरं असायचं. मग एक दिवस म्हणाले, "आज भिंतीकडचेही थांबले." भिंत तळ्यापेक्षा घराच्या जवळ आहे. आठ दिवसांनी मी कामावरून आले तर हे स्वयंपाकघरात, दाराला पाठ लावून उभे. चेहरा पांढराफटक.

"पायरीखालचा थांबला होता," ते म्हणाले. "खूप वेळ. मी मोजत होतो. अकरा मिनिटं."

"पण दिसलं का काही?"

"दिसत नाही गं. म्हणून तर." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. "जो कोणी आहे, तो दाराशी येऊन उभा राहतो. आणि मग परत जातो. आत का येत नाही?"

५

पुढे जे मी केलं ते दुसऱ्या कुठल्या बाईने केलं नसतं. कान तपासणाऱ्या बाईनेच केलं.

माणूस घाबरला होता. जेवण सुटलं होतं, दिवसभर खिडकीशी बसून ऐकत असायचा. माझ्या हाती आलेला नवरा पुन्हा जाणार, या वेळी भीतीने जाणार, हे मला दिसत होतं. आणि भीती येत होती कानातून. मग कानाचं बघायचं, हा माझा धंदाच आहे.

मी दोन्ही मशीन दवाखान्यात नेली. आवाजबंद खोलीत बसून, मशीनचा आवाज आपल्या कानात आणणारी नळी लावून, माझ्या कानांनी ऐकली. माझा श्वास, कपड्यांची सळसळ, बाकी स्वच्छ. दोष काही नाही. आता विचार करते तेव्हा कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. ज्या बागेत आवाज यायचा त्या बागेत उभं राहून मी ती नळी एकदाही कानाला लावली नाही! पेशंटला त्याच्या घरातून उचलून बंद खोलीत तपासायचं आणि खोलीत जे सापडत नाही ते नाहीच म्हणायचं, ही सवय हाडीमासी खिळलेली. मी संगणकावर त्यांचा आलेख उघडला आणि ज्या पट्टीत बेडूक ओरडतात ती पट्टी खाली ओढली. अगदी तळाशी. गोंगाट कमी करायला आम्ही करतो तसं. दोन मिनिटांचं काम.

संध्याकाळी ह्यांनी मशीन घातलं, मागचं दार उघडलं आणि उभे राहिले. मी मागून बघत होते.

"अगं, गेले वाटतं."

"हंगाम संपला असेल," मी म्हटलं. तीस वर्षांत ह्यांच्याशी इतकं धडधडीत खोटं मी बोलले नव्हते. ह्यांच्या खांद्यावरून मला तळं दिसत होतं. वीस गळे फुगत होते.

त्या दिवसापासून ते नीट जेवायला लागले. भीती गेली. पण गप्पाही गेल्या. चौथ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा ते टेबलाशी नुसतेच बसून होते. मला वाटलं, दमलेत.

६

कालची गोष्ट. पेशंट कमी होते म्हणून मी दुपारी तीनलाच घरी आले. लख्ख ऊन होतं. पुढच्या दाराने आत शिरले, पिशवी ठेवली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

खिडकीतून बाग दिसते, आणि घराचा उजवा कोपराही. हे तळ्याजवळ खुर्चीत बसले होते, माझ्याकडे बाजू करून, आणि बोलत होते. मान डोलवत होते, हात हलवत होते, मध्येच हसलेही. मला इतका आनंद झाला! शेजारचे कोणी आले असतील, म्हटलं. ग्लास भरता भरता मी तळ्याकडे पाहिलं, सवयीने.

बेडूक पाण्यात नव्हते. सगळे काठावर चढून बसले होते. एकही गळा हलत नव्हता. भिंतीकडचेही कुंड्यांतून बाहेर आलेले, तेही गप्प. पायरीखालचा पायरीवर आला होता. साऱ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, घराच्या उजव्या कोपऱ्याकडे. तिथून घर आणि कुंपण यांच्यामधली अरुंद वाट सुरू होते. आमचे हेही तिकडेच बघत होते.

मीही पाहिलं.

कोपऱ्याच्या कडेला, माणसाच्या उंचीचं, कोणीतरी उभं होतं. वरचा चेहरा छपराच्या सावलीत बुडाला होता, भिंतीआडून फक्त ओठ, हनुवटी आणि गळा एवढंच दिसत होतं. बाईचं तोंड होतं. ओठ हलत होते, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी पेशंटच्या घरच्यांना शिकवते ना, समोर उभं राहा, घाई करू नका, तोंड पूर्ण उघडा. अगदी तसं. एवढ्या नेमकेपणाने फक्त माझ्यासारखीच बाई बोलते.

गळा हलत नव्हता. मी तीस वर्षं माणसांना बोलताना बघते आहे, बोलताना गळा हलतो, कितीही हळू बोललं तरी हलतो. ओठ हलत होते आणि खाली गळा भिंतीसारखा स्थिर.

ग्लास माझ्या हातून निसटून फुटला. मी किंचाळले. ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांना ऐकू गेलं नाही. आणि तेव्हा मला टेबलावरची डबी दिसली. उघडी. दोन्ही मशीन तिच्यात.

म्हणजे ह्यांच्या कानांत काहीच नव्हतं. शेजारी घंटा वाजली तरी कळणार नाही अशा कानांनी हे कोणाशी तरी गप्पा मारत होते, आणि बरोबर जागी हसत होते!

मी डबी उचलून काचांवरून तशीच धावले. मागचं दार ढकललं, पायरीवरचा बेडूक हललासुद्धा नाही, मी त्याला ओलांडून गेले. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. मी त्या वाटेत शिरून पाहिलं. कचऱ्याचा डबा, ह्यांची जुनी सायकल, गुंडाळलेला पाण्याचा पाइप. पलीकडे बंद भिंत. तिथून माणूस जायला जागाच नाही.

वळले तर हे माझ्याकडे बघत होते, गोंधळून.

"अगं, तू घरातून कशी आलीस?" ते म्हणाले. "आत्ता तर ह्या कोपऱ्यावर उभी होतीस."

७

मी त्यांना दंडाला धरून घरात आणलं. मागचं दार लावलं, कडी घातली, पुढचंही लावून आले. डबीतली मशीन काढून मीच त्यांच्या कानांत बसवली, उजवं दोनदा निसटलं.

"अगं, तुझा पाय," हे म्हणाले. "रक्त येतंय."

"राहू दे पाय. मशीन का काढलं होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "काय ठेवलंय आता त्यात ऐकण्यासारखं? नळ आणि भांडी."

ते माझंच केलेलं होतं. ती पट्टी मीच खाली ओढली होती. बेडूक आजही वेळेवर थांबले होते, कोणीतरी आलंय हे गप्प होऊनच सांगत होते, आणि ऐकणाऱ्या एका माणसाचे कान मी बंद करून ठेवले होते. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले. आवाज शक्य तितका शांत ठेवला.

"बाहेर मी काय बोलत होते तुमच्याशी?"

"विसरलीस?" ते हसले. लाजले म्हटलं तरी चालेल. "नावाने हाक मारलीस की. मी म्हटलं, तीस वर्षं अहो अहो करून आज सुचलं होय हिला! आणि किती स्वच्छ ऐकू आलं. मशीन नसताना. मला वाटलं, बरे झाले माझे कान."

"पुढे?"

"पुढे काय, इकडचं तिकडचं. तळं छान केलंत म्हणालीस. जुन्या गोष्टी काढल्यास. मला बरं वाटलं गं, खूप दिवसांनी." मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण एक गंमत केलीस. तिथेच उभी राहून विचारत होतीस, आत येऊ का म्हणून. तीनतीनदा."

मी ह्या घरात येताना कधी विचारलेलं नाही. माझ्या घरात मी का विचारीन?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ये की, म्हटलं. विचारतेस काय, घर तुझंच आहे."

त्यांच्या मागे खिडकी होती. मी तिकडे पाहिलं, कारण आणखी कुठे बघायची माझी छाती होत नव्हती. बेडूक एकेक करून पाण्यात उतरत होते. जाड्याचा गळा फुगला, बसला, पुन्हा फुगला. मग त्याच्या शेजारच्याचा. मग भिंतीकडच्यांचे. पायरीवरचा वळून पायरीखाली गेला. बघता बघता बागेतला प्रत्येक गळा हलायला लागला.

बागेत आता कोणीच नव्हतं.